ससा घरी आणताय? सुरुवातीला एवढं सांभाळा

मुलांच्या अंगी भूतदया यावी म्हणून ससा आणताय, फार चांगलं. पण पहिला आठवडा तो त्यांच्या हाती देऊ नका. मुलांनी रोज थोडा वेळ जमिनीवर नुसतं शेजारी बसावं, ससा आपणहून जवळ येतो. वरून उचललं की त्याला शिकारी प्राण्याने झडप घातल्यासारखं वाटतं आणि धडपडीत पाठीचा कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते खाण्यात:

- सुकं गवत चोवीस तास समोर हवं. दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात.
- गाजर, केळं क्वचित, बोटाच्या पेराएवढं.
- प्रसादाचा पेढा, शिरा अजिबात नाही. आजी-आजोबांना हे आधीच प्रेमाने सांगून ठेवा. ताज्या दूर्वा चालतात, धुतलेल्या आणि गंध-कुंकू न लागलेल्या.

बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर आतडी मंदावलेली असतात. उशीर जिवावर बेततो. लगेच पशुवैद्याकडे न्या, देवाचा धावा वाटेत करा. श्रद्धा म्हणजे वाट पाहत बसणं नव्हे, हे मुलांना तेव्हाच दिसतं.

एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, ती गोष्ट मुलांना जरूर सांगा. आणि पाण्याचं भांडं रोज घासून भरायचं काम त्यांच्याकडेच द्या.