अमूर ससाणा: तुमचे प्रश्न

नोव्हेंबर लागला की स्थलांतराच्या वाटेत टेकणाऱ्या या छोट्या शिकारी पक्ष्याचे तेच फोटो आणि तेच प्रश्न येतात. यंदा एकत्रच उत्तरं.

आमच्या गच्चीवर बारा महिने एक छोटा ससाणा बसतो. अमूर का?
नाही. बारा महिने दिसतो तो अमूर नव्हे. बहुधा शिक्रा असेल, पण पाय आणि डोळे दिसतील असा फोटो जाणकाराला दाखवा.

लोणावळ्याच्या पठारावर तारेवर दिसला. खरुची की अमूर?
दोघेही छोटे ससाणेच, म्हणून पाय बघा. अमूरचे केशरी, खरुचीचे पिवळे. अमूर नर राखाडी, मांड्या विटकरी. मादीच्या पांढुरक्या पोटावर काळ्या खुणा असतात, आणि फसगत होते ती तिच्यातच. हवेत एका जागी थबकतो म्हणून खरुची ठरवू नका, अमूरही थबकतो.

एका सहलवाल्याने 'घरट्यासह हमखास दर्शन' म्हणून आगाऊ पैसे मागितलेत.
देऊ नका. याची वीण आग्नेय सायबेरिया, मंगोलियाचा काही भाग आणि ईशान्य चीनमध्ये होते, तीही बहुधा कावळ्याच्या किंवा मॅगपायच्या (कावळ्याच्याच कुळातला पक्षी) जुन्या घरट्यांत. हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या गवताळ माळांवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी मोठे थवे उतरतात, उडती वाळवी खाऊन अंगावर चरबी चढवतात. आपल्याकडे तो फक्त वाटेत टेकतो.

अमूर पडलेला सापडला. दोन दिवस दूध-भात देतोय, खात नाही.
दोन दिवस थांबलात कशाला? हा किडे खाणारा पक्षी, दूध त्याला पचत नाही. चोचीत पाणी तर अजिबात ओतू नका: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ आत जातं. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं पाडा, तळाशी जुनं सुती कापड घाला. टॉवेलचे धागे नखांत अडकतात. पंख अंगाशी मिटवून पक्षी कापडात उचला, आत ठेवा, झाकण लावून खोकं शांत जागी ठेवा. दर दहा मिनिटांनी डोकावू नका. तारेचा पिंजरा नको, पिसं मोडतात. दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या या जिवाला पुढे अरबी समुद्र ओलांडायचाय, न थांबता सुमारे ३००० किलोमीटर. आणि मोडलेलं पीस पुढच्या पिसझडीपर्यंत नवं येत नाही. 'गच्चीवरून उडवून बघा' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्लाही नको. खांद्याचं मोडलेलं हाड बाहेरून दिसत नाही, ते पशुवैद्यच तपासेल. वनविभागाला १९२६ वर आत्ता फोन करा.

बरा झाल्यावर पाळला तर?
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.