एजंट म्हणतो ६० टक्के भरा आणि मोकळे व्हा. भरू का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: हिंजवडीतली नोकरी पाच महिन्यांपूर्वी गेली. दोन कार्डांवर मिळून ३ लाख ४० हजार थकलेत. वसुलीवाला ६० टक्क्यांत सेटल करतो म्हणतो, एक 'सेटलमेंट कंपनी' फी घेऊन आणखी कमी करून देते म्हणते, आणि घरी पोलीस येतील का ही धास्ती आहे.

शेवटचं आधी. पोलीस येत नाहीत. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, नोकरी गेली म्हणून पैसे भरता आले नाहीत यात गुन्हा नाही. मात्र तुम्ही दिलेला चेक परत गेला तर कलम १३८ (चेक न वटणं हा गुन्हा) लागू शकतं, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स झाला तरी तसाच कायदा आहे. म्हणून कोणी 'फक्त सिक्युरिटीसाठी' पुढच्या तारखांचे चेक मागितले तर देऊ नका. व्हॉट्सॲपवर 'वॉरंट' आलं तर आधी शांतपणे वाचा. मला आलेल्या वॉरंटात माझ्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं होतं आणि खाली पैसे भरायची लिंक होती. खरं वॉरंट पैसे भरायच्या लिंकसकट येत नाही.

आता हे मला कसं माहीत. मी लग्नपत्रिका छापतो. आमच्या धंद्यात 'कार्ड' हा बरकतीचा शब्द, पण २०१९ मध्ये मशीनच्या दुरुस्तीला आणि कागदाला म्हणून मी दुसऱ्या प्रकारचं कार्ड वापरलं आणि १ लाख ८० हजार अंगावर आले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ६,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,१३४. मी दरमहा ९,००० 'मिनिमम' भरायचो आणि वेळेवर भरतोय याचा अभिमान बाळगायचो. त्यातले मुद्दलात जायचे १,५६६.

मार्च २०२० मध्ये लग्नंच थांबली. आरबीआयने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, ती वाढत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, आणि मी ती माफी समजलो. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं. सप्टेंबरात आकडा सव्वादोन लाखांच्या वर. मग दुसऱ्या कार्डावरून पैसे काढून पहिल्याचं मिनिमम भरायचं असा उद्योग केला. जून २०२१ मध्ये तेही संपलं आणि मी भरणं बंद केलं.

पहिले तीन महिने नुसते फोन. ९० दिवस उलटल्यावर बँकेच्या वहीत खातं बुडीत धरलं जातं आणि मग सूर बदलतो. तोपर्यंत 'मिनिमम तरी भरा' म्हणणारे लोक 'किती जमेल ते सांगा' म्हणायला लागतात. डिसेंबरात एक पोरगा प्रेसवर आला. वय असेल चोवीस-पंचवीस. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो तोवर तो सँपलचा अल्बम चाळत बसला, आणि माझ्या थकबाकीचा विषय काढायच्या आधी म्हणाला, "काका, हे बावीसवालं दोनशे घेतलं तर अठराला पडेल का? बहिणीचं लग्न आहे मे मध्ये." मी एकोणीस म्हटलं. मग त्याने फाइल उघडली. येणं २ लाख ९०, वन टाइममध्ये, म्हणजे एकरकमी, १ लाख ९०, आणि "आज क्लोजिंग आहे, आजच टोकन टाका". पत्रिकेच्या मागे मी बावीस का लिहून ठेवतो हे मला माहीत होतं. तरी त्याचा पहिला आकडा मी खरा मानला, कारण त्या टेबलाच्या चुकीच्या बाजूला मी बसलो होतो.

आणि घोडचूक केली. हातात कागद नसताना २०,००० भरले. निदान कार्डाच्या खात्यातच भरले, त्याच्या फोनवर नाही, एवढी अक्कल होती. जानेवारीत एजन्सी बदलली. नवीन माणूस म्हणाला, "कौनसा ऑफर, सर? सिस्टीम में तो कुछ नहीं है." माझे वीस हजार व्याजात वळते झाले होते. आकडा पुन्हा फुगायला लागला.

म्हणून तुम्हाला सांगतो: बँकेच्या लेटरहेडवर सेटलमेंटचं पत्र आल्याशिवाय एक रुपया हलवू नका. त्यात कार्डाचा नंबर, ठरलेली रक्कम, भरायच्या तारखा आणि 'ही रक्कम आल्यावर उरलेलं येणं सोडून दिलं' हे स्पष्ट हवं. एजंटच्या ईमेलवरून नको, बँकेच्या हवं. आलेलं पत्र बँकेच्या कस्टमर केअरला पाठवून खरं आहे का तेही लेखी विचारा. 'आजच शेवटचा दिवस' हे महिनाअखेरीला आणि तिमाही संपताना फार ऐकू येतं, कारण टार्गेट त्यांचं असतं. पुढच्या महिन्यात पुन्हा ऑफर येते.

माझं काम शेवटी शिवाजीनगर कोर्टात झालं. मार्च २०२२ च्या राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली, तेव्हा घरात रडारड. आमची ही म्हणाली, आता कोर्टाची पायरी. खरं तर ते दावा दाखल होण्यापूर्वीचं बोलावणं होतं, न जाण्याची शिक्षा नव्हती, पण गेलो ते बरं झालं. हॉलमध्ये रांगेने टेबलं, प्रत्येकावर एकेका बँकेच्या नावाचा कागद, मागे नावांच्या याद्या घेऊन बसलेली माणसं आणि पुढे माझ्यासारखे, हातात पिशवी धरून. बँकेने येणं ३ लाख १२ हजार दाखवलं आणि २ लाख १० हजारांवर सुरुवात केली. मी दोन वर्षांचे जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट टेबलावर ठेवलं. छपाईचं जुनं मिनी ऑफसेट मशीन विकून ९० हजार तयार आहेत म्हणालो, आणि १ लाख १० हजार सांगितले. अर्धा तास त्यांचा माणूस बाहेर जाऊन फोन करून येत होता. १ लाख ३५ हजारांवर जमलं, तीन हप्त्यांत. हातात असलेले पैसे आणि कमाई आटल्याचा कागद, या दोनच गोष्टींनी आकडा खाली आला. नोकरी गेल्याचं पत्र तुमच्याकडे आहे, ते तुमचं रिटर्न समजा.

लोकअदालतीत सही करताना मात्र जपून. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. न झेपणाऱ्या आकड्यावर सही केलीत तर बँक सरळ वसुलीला लागू शकते. न पटल्यास सही न करता उठून या, कोणी धरून ठेवत नाही.

तुमच्या ६० टक्क्यांबद्दल. म्हणजे २ लाख ४ हजार. पहिला आकडा असेल तर माझ्या मते घेऊ नका. पण त्याआधी एक विचारा: पुढच्या चार-सहा महिन्यांत नोकरी लागण्याची खरी शक्यता आहे का? असेल तर सेटलमेंटच नको. बँकेला लेखी कळवा की नोकरी गेली आहे, सगळी बाकी कमी व्याजाच्या ईएमआयमध्ये बदलून द्या. कारण सेटलमेंट झाली की सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' असं लागतं आणि वर्षानुवर्षं राहतं. २०२३ मध्ये नवीन मशीनसाठी कर्ज मागायला गेलो, मॅनेजरने स्क्रीन माझ्याकडे वळवून तो एक शब्द दाखवला आणि चहा मागवला. चहा चांगला होता. तुम्ही आयटीतले, उद्या फ्लॅट घ्याल, तुम्हाला हा शब्द माझ्यापेक्षा महाग पडेल. पुढे कधी सोडलेली रक्कम भरली तर बँक तो शेरा बदलून 'क्लोज्ड' करू शकते, तेही लेखी ठरवूनच.

दोन्ही कार्डं सेटल करू नका. जे लहान आहे ते कसंही करून पूर्ण भरा. माझं दुसरं ४२ हजारांचं होतं, हिच्या पाटल्या गहाण ठेवून फेडलं, म्हणून निदान एक ओळ तरी स्वच्छ राहिली.

ज्या बँकेचं कार्ड थकलंय तिथेच बचत खातं असेल तर बँक त्यातून पैसे वळते करून घेऊ शकते. नवीन पगार दुसऱ्या बँकेत घ्या. पीएफवर सावकाराला जप्ती आणता येत नाही, त्यामुळे 'पीएफ काढून घेऊ' ही धमकी पोकळ आहे.

सेटलमेंट कंपनी? नको. ती सांगते भरणं थांबवा आणि आम्हाला फी द्या. भरणं तुम्ही आधीच थांबवलंय, ते फुकटात जमलं. तीच पत्रं तुम्हालाही लिहिता येतात.

वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येता कामा नये, हा आरबीआयचा नियम आहे. सासुरवाडीला, शेजाऱ्यांना फोन करणं, शिव्या देणं हेही बसत नाही. रेकॉर्डिंग ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन करा, फी नाही. मी बँकेला नुसतं एवढं लिहिलं आणि माझ्या साल्याला येणारे फोन बंद झाले.

शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूजचं, म्हणजे काही येणं उरलं नाही असं, पत्र मागून घ्या आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट पाहा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. पत्र जपा, फोटो काढून ठेवा. गेल्या वर्षी कुठल्यातरी वेगळ्याच कंपनीतून फोन आला की तुमची १ लाख ७७ हजारांची बाकी आमच्याकडे आली आहे. मी निवाड्याचा आणि नो ड्यूजचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही.