बारमध्ये मला कोणी ओळखत नाही

मी समुपदेशक. तरुण वकील माझ्याकडे येतात ते झोप लागत नाही, ॲसिडिटी वाढली, घरी उगाच चिडचिड होते असं सांगत. खरं वाक्य दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं आणि ते जवळजवळ ठरलेलं असतं. बारमध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या वर्तुळात, आपलं कोणी नाही. त्याच्यामागोमाग दुसरं, मिसळायचं म्हणजे चमचेगिरी करायची, ते आपल्याला जमत नाही. सांगणारा कधी जिल्हा न्यायालयातला असतो, कधी हायकोर्टाच्या खंडपीठातला; कधी नुकती सनद मिळालेली मुलगी, कधी पस्तिशीतला दोन लेकरांचा बाप. अलीकडे हे इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं.

ज्याच्याबद्दल लिहितेय त्याची परवानगी आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे. त्याला आपण वकीलसाहेब म्हणू. गावात त्याला सगळे तसंच म्हणतात, अगदी त्याचा शाळेतला मास्तरसुद्धा. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा, कापूस-सोयाबीनवाल्या घरातला, खानदानात पहिलाच वकील. चार वर्षांपासून नागपूरच्या जिल्हा न्यायालयात एका नावाजलेल्या सीनिअरकडे ज्युनिअर. गावात वकीलसाहेब आणि सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या भागात, आलं की कोणीच नाही, या दोन टोकांत माणूस पार पिळून निघाला होता. वडिलांचा फोन आला की पहिला प्रश्न, "केसेस किती आहेत आता?" तो उचलणंच टाळायचा.

"चार वर्षं होऊन राहिली मॅडम, बारमध्ये मला एक माणूस ओळखत नाही."

"आणि तुम्ही किती जणांना ओळखता?"

"सगळ्यांना." मग त्याने खरंच सांगितलं. कोणता सीनिअर कोणत्या कोर्टात सापडतो, कोणाचा ज्युनिअर कोणाकडे गेला, कोण कोणाचा साळा, बार असोसिएशनच्या निवडणुकीत कोणत्या पॅनलमागे कोण होतं. इतकी माहिती एखाद्या पदाधिकाऱ्याकडेही नसेल.

"यातल्या कोणाशी शेवटचं काय बोललात?"

तो आठवत राहिला. "पासओव्हर द्या सर, आमचे सर हायकोर्टात आहेत. हे न्यायाधीशांना. वकिलांशी... तसं काही नाही."

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पासओव्हर म्हणजे प्रकरण आत्ता न घेता थोड्या वेळाने पुकारावं अशी विनंती. चार वर्षांत त्याने कोर्टात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य तेच होतं आणि त्यात त्याचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

आता त्याच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं कोणी समजू नये. वकिली हा बाहेरून आलेल्याला सहज आत घेणारा धंदा नाही. आजोबा-वडिलांचं चेंबर, ग्रंथालय, अशील, मुन्शी असं सगळं आयतं मिळालेला मुलगा आणि हा, दोघांना एकच सनद मिळते. सुरुवातीची पाच वर्षं मात्र एकसारखी जात नाहीत. ज्युनिअरला दरमहा शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि वकीलसाहेबांच्या हातात पडत होतं ते त्याच्या बरंच खाली. मुलींना तर आडनाव आणि ओळखीच्या जोडीला आणखी दहा गोष्टी सोसाव्या लागतात. "हे सगळं मनाचे खेळ आहेत" असं सांगणारा समुपदेशक भेटला तर खुशाल उठून यावं.

पण खऱ्या अडचणीचासुद्धा माणूस काहीतरी उपयोग करत असतो. माझं निम्मं काम तो उपयोग शोधण्याचं.

एका भेटीत त्याने डायरी काढून दाखवली. वकिलांची असते तशी जाडजूड, तारखांची. आधीची तारीख, पक्षकारांची नावं, टप्पा, पुढची तारीख. अक्षर मोत्यासारखं. मी पानं उलटत शेवटाला आले, तर तिथे चिकटवलेल्या आडव्या कागदावर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन तीन नवे कायदे आले, तेव्हा त्याने बनवलेला. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८ च्या पोटात. पुराव्यातलं ६५-ब आता ६३. एका आकड्याला लाल शाईने गोल केलेला होता, ४८२. मी विचारलं, तर गडी एकदम खुलला. जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करायला लोक त्याच कलमाखाली जायचे. नव्यात तेच ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. "त्या दिवसांत मोठेमोठे सीनिअर गोंधळून राहिले होते मॅडम. बार रूममध्ये ज्युनिअरला बोलावून विचारत होते, काहून रे, अटकपूर्वचं आता कितवं? मी असं पहिल्यांदाच पाहिलं."

"मग तुम्ही तक्ता दाखवला असेल."

"नाही."

"कोणी मागितला नाही?"

"मागायला माहीत तर पाहिजे ना, माझ्याकडे आहे म्हणून."

मी बोलले नाही. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण डायरी त्याने जरा घाईनेच बॅगेत ठेवली. लग्नघरात पंगतीला बसलेल्यापेक्षा वाढायला उठलेल्याला जास्त लोक ओळखतात. हा चार वर्षं भिंतीला टेकून उभा होता, भांडं हातात धरून, आणि आपल्याला कोणी बस म्हणत नाही म्हणून खंतावत होता.

पुढच्या भेटीत मी त्याला माझा आवडता प्रश्न विचारला. माझा म्हणजे व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलरचा (१८७०–१९३७); मी घडले त्याच मुशीत. हा डॉक्टर आलेल्या माणसाला विचारायचा, हे दुखणं नसतं तर तुम्ही काय केलं असतं? प्रश्न अगदी साधा, पण उत्तरात बहुतेकदा तेच काम सापडतं जे टाळायला ते दुखणं उपयोगी पडत असतं. मी एवढंच म्हटलं, "समजा उद्या सकाळी उठलात आणि बारबद्दलची ही सगळी खंत गेलेली आहे. सगळे ओळखतात, चहाला बोलावतात. मग काय कराल?"

"मग काय, बारमध्ये बसेन."

"बसलात. पुढे?"

"चार कामं मिळतील."

"मिळाली. पुढे?"

तो थांबला. माझ्या खोलीतल्या कूलरचा आवाज मोठा आहे, एरवी त्याबद्दल लोक तक्रार करतात. त्या दिवशी बराच वेळ तेवढाच आवाज होता. मी मधे बोलले नाही. अशा वेळी जीभ आवरायला मी फार वर्षांनी शिकले, आणि मला जे काही येतं त्यात हेच सगळ्यात मोलाचं असं मी मानते. शेवटी तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मग मला मॅटर चालवावं लागेल. माझ्या नावावर. अन् हरलो तर मग... मीच हरलो असतो."

गाठ होती ती इथे. बारमध्ये आपलं कोणी नाही, म्हणून काम नाही. काम नाही, म्हणून उलटतपासणीला उभं राहणं नाही. उभं राहणं नाही, म्हणून हरणं नाही. गावातला वकीलसाहेब सुरक्षित. जोवर दोष गटबाजीचा, तोवर आपल्या गुणांची परीक्षाच होत नाही. तो खोटं बोलत होता असं मुळीच नाही. त्याची खंत खरी होती, आणि तीच त्याची ढालही होती. मी असं काही त्याला समजावून सांगितलं नाही. त्यालाच ते इतकं लख्ख दिसलं होतं की पाच मिनिटांनी तो हसायला लागला. "बाप्पा! मीच आपल्यासाठी पासओव्हर घेऊन राहिलो होतो."

मला एक गोष्ट नव्याने उमगली ती या वाक्याने. आम्ही समुपदेशक आधी आपलेपणा, मग धाडस अशी शिडी मांडतो. वकिलांच्या बाबतीत ती उलटी लावावी लागते. आधी स्वतःच्या नावावर एक छोटंसं मॅटर. कारण ज्याचं मॅटर चालू आहे त्यालाच दुसऱ्याला विचारण्यासारखं काही असतं, आणि विचारण्यासारखं काही असलं की बार रूममध्ये जायला निमित्त मिळतं. नुसतं मिसळायला गेलेला माणूस मग चमचेगिरीशिवाय करणार तरी काय?

मॅटर शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच्या मामावर कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्याने चेक न वटल्याची केस टाकली होती. उचल घेताना मामाने सही केलेला कोरा चेक तारण म्हणून दिला होता. कागद सीनिअरच्या ऑफिसात, तारखा हा घेत होता, आणि मामाला मात्र वाटायचं की भाचाच केस लढतोय. आमचं ठरलं ते एवढंच : सीनिअरला सांगून हे मॅटर स्वतः चालवायचं आणि पुकारा झाला की आधी आपलं नाव घ्यायचं. "ॲडव्होकेट अमुक, आरोपीतर्फे." सीनिअर सहज हो म्हणाले. इतक्या सहज, की त्याचा जरा अपमानच झाला.

उलटतपासणीच्या आधी कोणालातरी विचारायचं होतं. चेकच्या कायद्यातल्या कलम १३९ प्रमाणे चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं गृहीत धरलं जातं. ते गृहीतक डळमळीत कसं करायचं, अडत्याची वही कुठे पकडायची. ज्या ज्येष्ठांना त्याने गाठलं ते "आत्ता नाही" म्हणून निघून गेले. तो ते पुरावा म्हणून माझ्याकडे घेऊन आला : बघा, म्हटलं नव्हतं? मी म्हटलं, दुसरा माणूस. दुसरी निघाली त्याच्याच वयाची एक वकील, आणि तिलाही ते येत नव्हतं. तिने ते सरळ सांगितलं आणि वर म्हणाली, चल, आज अमक्या कोर्टात अशीच एक उलटतपासणी आहे, ऐकू. दोघं मागच्या बाकावर जाऊन बसले. ज्या बारमधले हिदायतुल्ला, शरद बोबडे, भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले, तिथे आपणच एकटे अडाणी आहोत हा त्याचा चार वर्षांचा समज, "मलाही येत नाही" या तीन शब्दांपुढे टिकला नाही. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्या मुलीने जास्त काम केलं, हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

उलटतपासणीनंतरच्या भेटीत तो रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीची, नक्कल घेऊन आला. नक्कल काढायची गरज नव्हती. आरोपीच्या वकिलांनी फिर्यादीची उलटतपासणी घेतली, अशी एक ओळ, आणि तिच्यात त्याचं नाव. एक अक्षर चुकलेलंच होतं.

ज्यांना हीच काळजी आहे त्यांना माझं सांगणं आहे की बारचं सामाजिक जीवन हे वकिलीवरचं तोंडीलावणं समजू नका. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. मग नाव पसरतं कसं? एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. गोंदिया, वाशीम, गडचिरोलीच्या वकिलाला इथे अपील दाखल करायचं असतं तेव्हा तो त्याच्या माहितीतल्या एखाद्या नागपूरकराला फोन करतो. ती माहिती जेवणावळीत क्वचितच तयार होते. या माणसाने तारखेला फसवलं नाही, मागितलेला निकाल पाठवला, विरुद्ध बाजूला असूनही तोंड सोडलं नाही, अशा किरकोळ अनुभवांतून होते. यात चमचेगिरी कुठे आली?

बारमध्ये शंभर जणांशी ओळख असायची काही गरज नाही. दोन पुरेत : एक आपल्याहून थोडा पुढचा आणि एक आपल्याच पायरीवरचा. फार मोठ्या माणसाकडे छोटा प्रश्न घेऊन जाऊ नये, त्याला वेळ नसतो आणि आपल्याला धीर. प्रश्न नेमका न्यावा, फाइल हातात ठेवून. "मार्गदर्शन करा सर" म्हटलं की माणूस पळतो, "हा दस्त एक्झिबिट करून घेताना हरकत आली तर?" म्हटलं की तोच माणूस थांबतो. रिकाम्या वेळात कँटीनपेक्षा कोर्टातलं मागचं बाक बरं. काही वर्षांची वकिली झाल्यावर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलसाठी अर्ज करावा. मोफत कायदेशीर मदतीची प्रकरणं मानधनाला कमी असतात, पण ती स्वतःच्या नावावर चालतात. निवडणुकीच्या पार्ट्यांना जायलाच पाहिजे असं नाही. माझे वकीलसाहेब आजही जात नाहीत.

मात्र झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, दारूचं प्रमाण वाढलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हे वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही चालतो.

सीनिअर मंडळींपैकी कोणी वाचत असेल तर एक विनंती. ज्युनिअरला पासओव्हर घ्यायला पाठवता तेव्हा त्याला आधी स्वतःचं नाव सांगायला लावा. याला पैसा लागत नाही.

मामाच्या केसचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. तो आणि ती मुलगी शनिवारी एखादा नवा निकाल घेऊन बसतात. आता आणखी दोघं-तिघं येतात आणि तक्त्याच्या झेरॉक्स त्याने कधीच वाटून टाकल्या. मानधनाबद्दल सीनिअरशी बोलायचं मात्र अजून राहिलं आहे. तो म्हणतो दिवाळीनंतर बघू; मी म्हटलं, हा परत पासओव्हर. पुढच्या भेटीचा विषय तोच आहे.