माजावर आलेलं हरीण आणि नोव्हेंबरची सुट्टी

मागच्या अंकात सांबराच्या फोटोखाली मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की थंडी पडली की नर सांबर वेडं होतं, तर त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचं सदर सगळं हरणांनाच द्यायचं ठरवलं. सापांचे आणि घुबडांचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका.

प्रश्न: मना पोऱ्या अमेरिकामा शे, विस्कॉन्सिनला. त्याच्या ऑफिसातला एक गोरा दरवर्षी नोव्हेंबरचा पहिला आठवडा सुट्टी टाकतो, का तर म्हणे हरणांचा 'रट' चालू होतो आणि तो धनुष्यबाण घेऊन झाडावर बसतो. सुट्टीचा अर्ज जानेवारीतच देऊन ठेवतो! हरीण माजावर कधी येणार हे याला दहा महिने आधी कसं काय कळतं? हाऊ काय प्रकार शे?
– निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर: काका, तो गोरा बरोबर करतोय. रट म्हणजे आपला माजच, म्हैस माजावर येते, बोकड माजतो, तेच. फरक इतकाच की आपली म्हैस वर्षात कधीही माजावर येते आणि तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण वर्षात एकदाच, ठरलेल्या दिवसांत. तारीख कळण्यामागे जादू काही नाही, उलटा हिशोब आहे. त्या हरणाची मादी साधारण २०० दिवस गाभण असते. तिकडे बर्फ वितळून कोवळा चारा भरपूर होतो मे संपता संपता आणि जूनमध्ये, पाडस तेव्हाच पडलं पाहिजे म्हणजे पुढचा बर्फ यायच्या आत त्याला पाच-सहा महिने अंग धरायला मिळतात. लवकर पडलं तर गारठून मरेल, उशिरा पडलं तर हिवाळा झेपणार नाही. आता जूनच्या सुरुवातीपासून २०० दिवस मागे मोजा, तुम्ही बरोबर नोव्हेंबरच्या मध्यावर येता. आपल्याकडे आधी लग्नाची तारीख धरतात आणि मग मागे मोजत बस्ता, पत्रिका, हळद असं ठरवतात ना, तसं इथे आधी बाळंतपणाची तारीख ठरलेली आहे.

हरणाकडे कॅलेंडर नाही, पण दिवस लहान होत चालला हे त्याच्या मेंदूला कळतं, रात्र वाढली की मेलाटोनिन नावाचं हार्मोन जास्त वेळ तयार होतं आणि त्यावरून पुढची हार्मोन्स चालू होतात. थंडी लवकर आली किंवा उशिरा आली तरी दिवसाची लांबी दरवर्षी तीच, म्हणून तारीख हलत नाही. पोराला सांगा की मित्र म्हणेल यंदा थंडी नाही म्हणून माज लांबला, तर तसं नसतं. उकाड्यात त्या जाड केसांच्या अंगाने नर दिवसा फिरत नाहीत, रात्री फिरतात, म्हणून दिसत नाहीत एवढंच.

आता खुणा. ऑगस्ट संपता संपता शिंगांवरची मखमल सुटायला लागते, ती झाडाला घासून काढतात आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरभर नर मनगटाएवढ्या झाडांच्या खोडावर शिंगं घासत राहतो, साल निघून आतलं पांढरं लाकूड दिसतं. पण खरी खूण पुढची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जंगलाच्या कडेला एखादी फांदी डोक्याच्या उंचीवर खाली आलेली असते, तिच्या बरोबर खाली पानं बाजूला सारून परातीएवढी जागा खुराने उकरलेली दिसते, ओली, काळी माती. नर तिथे थांबून आधी वरची फांदी तोंडात धरतो, कपाळ आणि डोळ्याजवळची ग्रंथी तिच्यावर घासतो, मग खाली उकरतो आणि मागचे दोन्ही गुडघे जवळ घेऊन त्यावरून मुततो. त्या जागी पायाच्या आतल्या बाजूला केसांचा गुच्छ असतो, तो काळा पडतो आणि असा वास मारतो की आपल्याकडचा माजलेला बोकड बरा म्हणावा. येणारी-जाणारी सगळी हरणं ती फांदी हुंगतात, म्हणजे चावडीवरचा नोटीस बोर्डच म्हणा. अशा उकरलेल्या जागा ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात ताज्या असतात कारण नर तयार आहेत पण माद्या अजून तयार नाहीत, मग नर मान फुगवून दिवसाढवळ्या वणवण फिरतात, डुकरासारखं घुरघुरतात, मादीने जिथे लघवी केली तिथे वरचा ओठ मागे वळवून उभे राहतात, बोकड करतो तसंच अगदी. त्या गोऱ्याला नेमका हाच आठवडा पाहिजे असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर माद्या माजावर आल्या की जोडी कुठेतरी झुडपात एक-दोन दिवस बसून राहते, उकरलेल्या जागांवर पानं साचतात आणि नवशिके म्हणतात हरणं संपली. मादीचा माज एक-दोन दिवसच टिकतो, तेव्हा नर लागला नाही तर साधारण २८ दिवसांनी परत माजावर येते, आपण गाय उलटली म्हणतो तसं, म्हणून डिसेंबरात थोडी धावपळ पुन्हा दिसते. तोवर नराची हालत बघवत नाही, खाणंपिणं सोडून पळतो, वजनातला पाव हिस्सासुद्धा कमी होतो.

पोरगं सोबत जाणार असेल तर दोन गोष्टी. तिथला बंदुकीचा सीझन ९ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (त्यांचा नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो, त्या दिवसांत शिकारीला जाणाऱ्याने भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालायचे असा कायदाच आहे, नुसतं फिरायला गेला तरी घालावे. आणि मित्राने मांस दिलं तर ते तपासलेलं आहे का विचारावं, विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांमध्ये झिजून मरायचा एक मेंदूचा रोग आहे. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण रोगट हरणाचं खाऊ नका असंच तिथले डॉक्टर सांगतात.

प्रश्न: मग आपल्या सातपुड्यातली हरणं पण नोव्हेंबरातच माजावर येतात का? आमच्या शेताच्या वर नाल्याकाठी सागाच्या दोन झाडांची साल छातीच्या उंचीपर्यंत सोललेली दिसली, गडी म्हणतो रोह्याने केलं.
– केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर: दादा, रोही, म्हणजे नीलगाय, नसावं. रोह्याची शिंगं वीतभर, त्याने असं सोलणं होत नाही, रोही आला की त्याची खूण म्हणजे एकाच जागी रोज टाकलेला लेंड्यांचा ढीग आणि मोडलेला हरभरा. तुमचं काम सांबराचं वाटतं. जवळ जाऊन बघा, सालीच्या कडेला जाड, राठ, तपकिरी केस चिकटलेले असतील आणि आसपास कुठे चिखलाचं डबकं असेल तर त्यात मोठं अंग लोळल्याचा साचा. मी पाल गावाच्या वरच्या अंगाला मार्गशीर्षात एकदा असं झाड सकाळी सातला पाहिलं होतं, सालीच्या चिरा अजून ओल्या होत्या, खोडाला वाळलेला चिखल, आणि वास इतका की सोबतचा वनमजूर म्हणाला, सायब, तो आत्ता गेला. नर सांबर या दिवसांत मागच्या पायांवर उभं राहून वरच्या फांद्यांनाही शिंगं लावतं. त्याच्या गळ्याखाली केस गेलेला लाल, ओला चट्टा असतो, पुष्कळांना वाटतं गोळी लागली किंवा कुत्र्यांनी धरलं, तसं काही नाही, तो माजातच जास्त दिसतो.

आणि हो, आपल्या मध्य भारतात सांबराचा माज बराचसा नोव्हेंबर-डिसेंबरातच. पण कारण वेगळं. सांबर जवळजवळ ८ महिने गाभण असतं, म्हणजे पाडस पडतं पावसाळ्यात, जंगल हिरवंगार असतं तेव्हा. तिकडे बर्फावरून हिशोब, इकडे पावसावरून. पण आपल्याकडे हा हिशोब तिकडच्याइतका काटेकोर नाही. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन ४३ अक्षांशावर आहे, तिथे जूनचा मोठा दिवस सव्वापंधरा तासांच्या वर आणि डिसेंबरचा ९ तासांचा. आपलं जळगाव २१ वर, मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत आणि छोटा ११ च्या जरासा खाली. दिवसाच्या लांबीत फरकच कमी, मग घड्याळ ढिलं चालणारच. चितळ तर कुठलाच हिशोब मानत नाही, त्यात पक्की शिंगं असलेला नर बाराही महिने सापडतो, फक्त उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास, माजाचा जोर वाढतो आणि बरीच पाडसं हिवाळ्यात पडतात. उत्तरेकडे काश्मीरच्या दाचीगामला गेलात तर तिथलं हांगुल हरीण पुन्हा घड्याळाबरहुकूम, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर नर डरकाळ्या फोडतात. अक्षांश वाढला की शिस्त वाढली.

एक सांगतो, या दिवसांत पहाटे केळीला पाणी द्यायला जाताना नाल्याकाठी नर सांबर दिसलं तर मोबाईल काढून जवळ जाऊ नका. एरवी पळणारं जनावर आत्ता पळेलच असं नाही.

प्रश्न: पौर्णिमेला माजाचा जोर असतो असं ऐकलंय, खरं का?
– शिरपूर

उत्तर: अमेरिकेत यावर शिकारी लोक अमावस्या-पौर्णिमेचे तक्ते छापतात, विकतात, भांडतात. पण गळ्यात जीपीएस पट्टे बांधून हरणांचा अभ्यास झाला त्यात चंद्राचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, आणि माद्या कधी गाभण राहिल्या हे पोटातल्या गर्भाच्या वाढीवरून काढलं तरी तारखा दरवर्षी तिथेच येतात, चंद्र कुठेही असो. चांदण्यात आपल्याला हरीण जास्त दिसतं, कारण चांदणं असतं.

प्रश्न: माझी मुलगी पेनसिल्व्हेनियात आहे, रात्री नऊला ड्युटी संपवून एकटी गाडी चालवत येते. ती म्हणते नोव्हेंबरात हरणं गाडीवर येऊन आदळतात. मला रात्री झोप लागत नाही हो.
– गृहिणी, नंदुरबार

उत्तर: ताई, ती खोटं नाही सांगत, तिकडे हरणांचे अपघात वर्षात सगळ्यात जास्त नोव्हेंबरातच होतात, वर जे लिहिलंय तेच कारण, नराला रस्ता बिस्ता काही दिसत नाही. आणि नेमकं त्याच महिन्यात तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात, मग ऑफिस सुटायची वेळ आणि अंधार एकत्र येतात. तिला एवढं सांगा: एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की लगेच स्पीड घेऊ नको, ती बहुतेक मादी असते आणि मागून नर येतोच. समोर आलंच तर सरळ ब्रेक दाब, स्टिअरिंग फिरवू नको, हरणाला वाचवताना झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर गाडी गेली की ते जास्त वाईट. सीटबेल्ट तर लावतच असेल. आणि समोरून गाडी नसेल तेव्हा हेडलाईट अप्परवर ठेवायचा, डोळे चमकलेले लांबून दिसतात. तुम्ही पोचल्यावर फोन करायला सांगा, पण गाडी चालवताना तुम्ही करू नका, हे जरा कडक वाटेल पण आयांना सांगावंच लागतं.

प्रश्न: आजोबांची बाराबोअर घरात आहे, लायसन्स आहे. तिकडे सीझन असतो तसा आपल्याकडे थंडीत परवाना मिळू शकतो का? दुसरं म्हणजे गौताळा अभयारण्याच्या बाजूला फिरताना सांबराचं गळलेलं शिंग सापडलं, हॉलमध्ये लावलं तर चालेल ना?
– चाळीसगाव

उत्तर: पहिल्याचं उत्तर नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे हौसेची शिकार संपली, सीझन वगैरे काही नाही, आणि काळवीट-चिंकाऱ्यासारख्या पहिल्या यादीतल्या जनावराला किमान ३ वर्षं आत जावं लागतं. बंदुकीचं लायसन्स वेगळं, शिकारीशी त्याचा संबंध नाही. रोही किंवा डुकराने पीक खाल्लं असेल तर वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा होऊन भरपाई मिळते, १९२६ या नंबरवर फोन लागतो. वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, ते मी नाकारत नाही.

दुसऱ्याचंही नाहीच. गळलेलं असलं, तुम्ही जनावराला हातही लावला नसला, तरी ते सरकारची मालमत्ता, घरात ठेवणं गुन्हा. आणलं असेल तर वनरक्षकाला कळवून देऊन टाका. नर सांबर उन्हाळ्याच्या तोंडी शिंगं टाकतं आणि ती नुसती पडून राहत नाहीत, पुढच्या वेळी असं शिंग दिसलं तर उचलू नका, खाली बसून टोकाजवळ बघा, शेजारी शेजारी दोन दोन चरे दिसतील, सरळ, पटाशीने मारल्यासारखे. साळिंदराचे दात आहेत ते, कॅल्शियमसाठी रात्री येऊन कुरतडतं.