तोफा दोन, सलामी एकवीस तोफांची

बॉस्टनहून एका ताईंचा प्रश्न आलाय. 4 जुलैला 'कॉन्स्टिट्यूशन' हे जुनं लढाऊ जहाज बंदरातून फेरी मारतं आणि कासल आयलंडवरच्या किल्ल्यासमोर एकवीस तोफांची सलामी देतं. ताई मुलांना घेऊन गेल्या होत्या. धाकट्याने बोटांवर मोजलं, धूर येत होता तो दोनच तोफांतून, आलटून पालटून. "मग 'एकवीस तोफांची' म्हणायचं की 'एकवीस बारांची'?"

तोफांचीच म्हणा. इथे 'तोफ' म्हणजे ती लोखंडी वस्तू नव्हे, तिचा एक बार. आपल्याकडे 26 जानेवारीला दिल्लीत होतं तेही असंच: तोफा सात, प्रत्येकीचे तीन बार, आणि बातमीत मात्र एकवीस तोफा. कोल्हापूर संस्थानाला 19 तोफांचा मान होता, याचाही अर्थ दारात 19 तोफा उभ्या होत्या असा नाही.

हा अर्थ आला कसा, त्याचा धागा जहाजांपाशीच सापडतो. शिडाच्या जहाजावरची तोफ एकदा उडवली की पुसा, दारू भरा, ठासा, पुन्हा जागेवर ओढा, अशी बरीच खटपट असे. परक्या बंदरात शिरताना भरलेल्या तोफा हवेत रिकाम्या करायच्या, म्हणजे समोरच्याला कळतं की आता आमच्यापासून धोका नाही. सलामीची प्रथा यातूनच आली असं सांगतात. एका तोफेचा एकच बार, त्यामुळे तोफा मोजा की बार मोजा, आकडा तोच. पुढे दोन-चार तोफांवर भागायला लागलं तरी मोजणीचा शब्द तसाच राहिला.

चूक होते ती विभक्तीत. 'एकवीस तोफांनी सलामी दिली' असं छापलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. '-नी' आला की तोफा हे साधन झालं, मग त्या खरोखर एकवीसच हव्यात. 'तोफांची' म्हटलं की अडचण नाही. मोजून सांगायचं असेल तेव्हा 'बार' आहेच: पावनखिंडीच्या गोष्टीत बाजीप्रभू वाट बघतात ती विशाळगडावरच्या तोफांच्या बारांची. 'सरबत्ती' मात्र इथे नको. सरबत्तीत धडाधड मारा असतो, सलामीत दोन बारांमधलं अंतर मोजलेलं असतं.

दहीहंडीत याच्या उलट. 'आठ थरांची सलामी' म्हटलं की थर आठच लागतात, तिथे कुणी दोन थर चार वेळा रचून दाखवत नाही!

आणखी एक गंमत. मुळात तोफ डागणारा तो गोलंदाज. क्रिकेटने त्याला चेंडू दिला आणि सलामी नेऊन दिली फलंदाजाला.

ताईंच्या धाकट्याला पुढच्या वेळी आणखी मोजायला सांगा. किल्ल्यावरून परतताना, जिथे हे जहाज बांधलं त्या जागेसमोर ते 17 तोफांची सलामी देतं. 1797 साली ते पाण्यात उतरलं तेव्हा अमेरिकेत राज्यं होती 16. सतरावी तोफ खुद्द जहाजाची.