एरागॉन निम्मं वाचून अडकलंय, पुढे वाचू का?

तुम्ही म्हणताय एरागॉन या कादंबरीतला ड्रॅगन आवडतोय पण गोष्ट आधी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटतेय आणि मध्येमध्ये कंटाळा येतोय. माझंही सेम झालं होतं. पहिला भाग संपवाच, चारही भाग वाचायची शपथ मात्र आत्ताच घेऊ नका.

ओळखीची वाटते ती उगाच नाही. मामाच्या शेतावर वाढलेला पोरगा एरागॉन, गोष्टी सांगणारा म्हातारा ब्रॉम जो भलताच कुणीतरी निघतो, कैदेतली सुंदर नायिका आर्या, दुष्ट राजा... स्टार वॉर्स बघितलेल्या माणसाला पुढचं वळण आधीच दिसतं. लेखक पाओलिनीने 15व्या वर्षी लिहायला घेतलं, 2002 मध्ये घरच्यांनीच छापलं, 2003 मध्ये मोठ्या प्रकाशकाने उचललं, हे सगळं कौतुकाचंच, पण त्यामुळे डोंगरदऱ्यांची ती लांबलचक वर्णनं काही छोटी होत नाहीत. मी तर बिनधास्त पानं उलटली.

आता आवडलेलं. जादू फुकट नाही. एखादी गोष्ट हाताने करायला जेवढी ताकद लागेल तेवढीच मंत्राने करताना अंगातून जाते, झेपणार नाही एवढं करायला गेलात तर जीवच जातो. त्यामुळे एरागॉन अर्गलांवर, म्हणजे शिंगवाल्या राक्षसी योद्ध्यांवर, पहिल्यांदा जादू वापरतो तेव्हा जिंकल्याचा जल्लोष वगैरे काही नाही, गडी पार गळून जातो, आणि मग ब्रॉम त्याला काय शिकवतो तर तळहातावरचा एक खडा हवेत उचलायला. आणि त्याच्या ड्रॅगनवरची, सफिरावरची, पहिली स्वारी! दुसऱ्या कुणी वारा, ढग, स्वातंत्र्य असलं काहीतरी लिहिलं असतं, इथे खोगीर नाही म्हणून तिच्या खवल्यांनी पोराच्या मांड्या सोलून निघतात, नीट चालता येत नाही. हे वाचल्यावर ड्रॅगन खरा वाटायला लागला मला.

म्हणजे कसंय, एरागॉनला जिथे किंमत मोजावी लागते तिथे पुस्तक धावतं आणि जिथे सगळं आयतं मिळतं तिथे झोप येते. तलवारीचंच बघा ना, प्रवासात संध्याकाळी काठ्यांनी सराव केला की झाला साहेब कसलेल्या योद्ध्याच्या तोडीस तोड. आणि आर्यावर जीव जडतो ती बिचारी बराच वेळ बेशुद्धच, बोलणार काय! सफिरा आणि त्याचं मनातल्या मनात जे चालतं, भांडण, रुसवे, टोमणे, त्याच्यापुढे हे प्रेमप्रकरण अगदीच फिकं.

शेवटची लढाई चांगली जमलीये, त्याबद्दल जास्त बोलत नाही. दुसऱ्या भागात, एल्डेस्टमध्ये, त्याचा मामेभाऊ रोरान खरा पुढे येतो, त्याच्याकडे ना ड्रॅगन ना जादू, नुसता हातोडा आणि मागे अख्खं गाव. पहिला संपवून अजून इच्छा उरली तर त्याच्यासाठी घ्या, मी तरी एरागॉनची प्रकरणं भराभर उरकून रोरानकडेच पळत होतो.