कालपर्यंत शेजारी बसणाऱ्यांना काम कसं सांगू?

मुख्याध्यापकपद जवळ आलेले शिक्षक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा पहिल्या भेटीत बहुतेक जण कागदांबद्दल बोलतात. शालार्थ या सरकारी प्रणालीवरचं पगारबिल, यू-डायस प्लस पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, संचमान्यता म्हणजे पटावरून ठरणारी शिक्षकांची पदं, पोषण आहाराच्या नोंदी. खरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येते: ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला, त्यांना उद्या काम सांगायचं कसं? आणि त्यांनी ऐकलं नाही तर?

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या बाईंची ही हकिकत आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई गणित-विज्ञानाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक मेअखेर निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठता यादीत पहिलं नाव बाईंचं होतं. खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. त्याप्रमाणे हे पद पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाकडे जातं. त्याला ते नको असेल तर तसं लेखी द्यावं लागतं आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याची खातरजमा होते. बाई असा नकार लिहूनच घेऊन आल्या होत्या. पर्समध्ये घडी केलेला कागद, खाली फक्त सही बाकी.

मी आधी एवढंच विचारलं, की हे लिहायला कोणी सांगितलं का? संस्थेतल्या कोणी, घरच्या कोणी? अशा नकारामागे कधी कधी दुसऱ्याचीच इच्छा असते, म्हणून हा प्रश्न मी टाळत नाही. बाई म्हणाल्या, कोणी नाही. "माझा स्वभाव भिडस्त आहे. आमचे सर नुसते व्हरांड्यात आले तरी वर्ग गप्प होतो. मला तसं ओरडता येत नाही."

मग त्या शाळेत सध्या काय काय करतात ते विचारलं. परीक्षा विभाग गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे. दहावीची आवेदनपत्रं, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांचं नियोजन, वेळापत्रक लावणं, कोणी रजेवर गेलं की त्याचे तास वाटून देणं. म्हणजे सहकाऱ्यांना काम सांगणं रोजच चाललं होतं, आणि लोक ऐकतही होते. ओरडता न येणं ही अडचण असती तर परीक्षा विभाग पहिल्याच वर्षी कोलमडला असता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग एका मैत्रिणीबद्दल सांगू लागल्या.

ही मैत्रीण मराठी शिकवते. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या, बाळंतपणं एकमेकींच्या आधाराने काढली. मैत्रिणीची एसटी आठवड्यातून दोन-तीनदा उशिरा येते आणि पहिला तास बुडतो. तो तास बाई स्वतः घेतात किंवा कोणाला तरी पाठवतात. प्रश्नपत्रिका उशिरा आली तर रात्री बसून टाईपही करून देतात. "आता हजेरीचं मस्टर माझ्या टेबलावर येणार. तिच्या नावापुढे मी लेटमार्क लावू? गोपनीय अहवाल मीच लिहायचा. लॉगबुकात तिच्या पाठाचं निरीक्षण मीच नोंदवायचं. ती मला विचारणार, आता तू साहेब झालीस का?"

नकाराचा कागद या एका वाक्यासाठी लिहिला गेला होता.

बाईंचं दुसरं म्हणणं असं होतं, की नेतृत्वाचा एखादा कोर्स करते, मग धीर येईल. कोर्स जरूर करावा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्याकडच्या अनेक शिक्षकांनी केली आहे. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र आहे, त्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शिक्षकांइतकंच मुख्याध्यापकांनीही वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. नीपाच्या शालेय नेतृत्वाच्या अभ्यासक्रम-चौकटीत 'स्वतःचा विकास' आणि 'संघबांधणी' हे भागही आहेत. पण माझ्याकडे येणारे लोक सांगतात त्यावरून, प्रत्यक्ष प्रशिक्षणात नियम आणि पोर्टलं यांनाच जास्त वेळ जातो, आणि संघबांधणी दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात गटकार्य करून आटोपते. मैत्रिणीच्या बुडालेल्या पहिल्या तासाचं काय करायचं, हे तिथे कोणी कोणाकडून म्हणवून घेत नाही.

ते आम्ही खोलीत करून पाहिलं. मी मैत्रीण झाले. बाईंचं पहिलं वाक्य असं होतं: "अगं, राग मानू नकोस, पण शक्य झालं तर जरा लवकर निघता आलं तर बघशील का?" या वाक्यात कुठेही तास नाही, मुलं नाहीत, आणि बोलणाऱ्याची खुर्चीही नाही. ऐकणारी "हो गं, बघते" म्हणून मोकळी. मी तेच म्हटलं, आणि बाईंना हसू आलं, कारण गेली कित्येक वर्षं उत्तर हेच मिळत होतं.

हळूहळू वाक्य बदललं. "मंगळवारी आठवी ब चा पहिला तास रिकामा गेला. वर्गावर कोणीच नव्हतं. असं पुन्हा होऊन चालणार नाही. काय करायचं, आपण बसून ठरवू." घडलेली एक गोष्ट, एक अपेक्षा, आणि मग समोरच्याला बोलायला जागा. आवाज चढवायची गरज कुठेच पडली नाही. त्या भीतीच्या वाक्याचंही उत्तर आम्ही शोधत राहिलो. माफी मागणारी, समजूत घालणारी बरीच उत्तरं देऊन झाल्यावर एकदा बाई पटकन बोलून गेल्या, "झाले बाई साहेब. आता पहिल्या तासाचं सांग." ते मी त्यांना लिहून ठेवायला सांगितलं. त्यात त्या स्वतः होत्या.

मैत्री जशी होती तशी राहील, असं आश्वासन मी त्यांना दिलं नाही. अधिकाराचं अंतर आलं की काही गोष्टी जातात. मुख्याध्यापकांबद्दल कुरकुर करण्यातली मजा तर जातेच, कारण कुरकुर आता आपल्याचबद्दल असते! त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे आणि ते वाटून घ्यायला वेळ द्यावा. बाई त्या दिवशी रडल्या. नेतृत्वगुणांच्या कुठल्याही यादीपेक्षा मला ते रडणं जास्त उपयोगाचं वाटलं. त्यानंतर नकाराच्या कागदाचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही.

उरलेल्या महिन्यांसाठी काम एकच होतं: खुर्ची येण्याआधी खुर्चीतलं काम हाताळून पाहणं. मुख्याध्यापक बैठकीला किंवा रजेवर गेले की त्या दिवसाचा प्रभार लेखी मागायचा. कॅशबुक आणि वेतनेतर अनुदानाचा, म्हणजे पगाराशिवायच्या खर्चासाठी मिळणाऱ्या अनुदानाचा, हिशेब लिपिकाशेजारी बसून समजून घ्यायचा, पगारबिल वेतन पथकाच्या सरकारी कार्यालयाकडे जाताना एकदा स्वतः वाचायचं, ३० सप्टेंबरच्या पटावर आपल्या शाळेत किती पदं बसतात ते कागदावर मांडायचं. सर आधी नाखूश होते. निवृत्त होणारा माणूस वारसाला हाताशी धरून शिकवत नाही, निरोप समारंभाच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा तेवढा देतो, हा आपल्या शाळांचा जुना रोग आहे. बाईंनी एका तपासणीची सगळी तयारी अंगावर घेतली, तेव्हा सरांचा हात थोडा सैल झाला.

जूनमध्ये बाई मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्याच सभेत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ज्यांना प्रवासाची खरी अडचण आहे त्यांनी लेखी द्यावं. शक्य असेल तिथे पहिला तास बदलला जाईल, पण एकदा ठरलेला तास बुडला तर लेटमार्क लागेल, कोणीही असो. तिघांनी अर्ज दिले. मैत्रिणीने दिला नाही. पुढच्या आठवड्यात लेटमार्क लागला आणि तिने आपला डबा दुसऱ्या टेबलावर नेला. दिवाळीच्या सुमारास अर्ज आला, तिला दुसऱ्या तासापासून वर्ग मिळाले. बोलणं सुरू आहे, पण पूर्वीसारखं नाही, असं बाई सांगतात. त्यांची झोप मात्र आता त्यावरून उडत नाही. सध्या त्या येतात ते संस्थेच्या सचिवांशी कसं बोलावं यासाठी, आणि तो वेगळाच विषय आहे.

प्रत्येकाने हे पद घ्यावंच असं माझं म्हणणं नाही. घरी आजारी आई असलेल्या एका विज्ञानाच्या सरांनी नकार दिला, आणि तो मला पूर्ण पटला. त्यांना प्रयोगशाळेतच राहायचं होतं, कोणाच्या तरी एका वाक्याला भिऊन ते मागे सरत नव्हते. तुमचाही कागद लिहून तयार असेल, तर सही करण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला एक नाव लिहून बघा: मुख्याध्यापक झाल्यावर ज्याच्याशी बोलणं तुम्हाला सगळ्यात जड जाईल त्याचं. नाव चटकन सुचलं, तर कागद महिनाभर कपाटात ठेवा आणि ते एक बोलणं आधी कोणाजवळ तरी मोठ्याने करून पाहा. नाव सुचलंच नाही आणि तरीही पद नको वाटत असेल, तर खुशाल सही करा.